‘कट्टी सार्क’चा डेक: प्लास्टिकवर जुनं सागवान उतरवताना

प्रकरण एका डेकचं आहे. शिडाचं जहाज ‘कट्टी सार्क’, प्लास्टिकचं किट रेवेल कंपनीचं, माप १/९६, म्हणजे खऱ्यापेक्षा ९६ पटीने लहान. ठाण्यातल्या एका मित्राने वडिलांना भेट द्यायला हे मॉडेल बनवायला घेतलं होतं. वडील मूळचे रत्नागिरीकडचे, मर्चंट नेव्हीतून सारंग (खलाशांचा मुकादम) म्हणून निवृत्त झालेले. जहाजाचा सांगाडा उत्तम जुळला होता आणि बाहेरचा काळा रंगही नीट बसला होता. डेक मात्र वडिलांना पटेना. त्यांनी तो हातात घेऊन उलटापालटा केला आणि एवढंच म्हणाले, “हा ओला आहे का रे?” मुलाला प्रश्नाचा अर्थ लागला नाही. मला लागला, कारण सगळं दुखणं त्या एका प्रश्नात होतं.

डेक माझ्याकडे आला तेव्हा त्याचे तुकडे अजून सुटे होते, हे नशीबच. एअरब्रशने (रंग फवारणाऱ्या पेनने) मध्यम तपकिरी अ‍ॅक्रिलिक सगळीकडे एकसारखं मारलेलं होतं. फळ्यांमधल्या फटींत एनॅमलचा काळाकुट्ट वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) आणि त्यावर कोरड्या ब्रशने फिकट रंग घासून उठवलेल्या लाकडाच्या रेषा. काम हाताने स्वच्छ केलेलं होतं, कुठे ओघळ नाही, कुठे बोटाचा ठसा नाही. तरीही बघणाऱ्याला आधी दिसत होत्या त्या काळ्या रेषा, मग लाकडाच्या शिरा, आणि जहाज सगळ्यात शेवटी. प्लास्टिकच्या जहाजांवर असे डेक मी खूप पाहिले आहेत. ‘लाकूड म्हणजे तपकिरी आणि लाकूड म्हणजे शिरा’ या दोन समजुतींवर ते उभे असतात. समुद्रावर राबणाऱ्या डेकच्या बाबतीत या दोन्ही समजुती चुकतात. रंगाचं आधी बोलतो, मग शिरांचं.

कुठल्या दिवसाचं जहाज?

‘कट्टी सार्क’ २२ नोव्हेंबर १८६९ रोजी स्कॉटलंडमधल्या डम्बार्टनला पाण्यात उतरलं. लोखंडी सांगाडा आणि त्यावर लाकडी फळ्या, अशी मिश्र बांधणी. पाण्याच्या रेषेवरच्या फळ्या सागवानाच्या, आणि वरचा डेकही साडेतीन इंच जाडीच्या सागवानाचाच. आधी चीनचा चहा, मग मिळेल तो माल, आणि १८८३ पासून ऑस्ट्रेलियाची लोकर. १८९५ मध्ये ते पोर्तुगीज मालकाकडे गेलं आणि ‘फेरेरा’ झालं. १९२२ मध्ये पुन्हा इंग्लंडला परतलं, १९५४ मध्ये ग्रिनिचच्या कोरड्या गोदीत कायमचं उभं राहिलं, २००७ मध्ये आगीत सापडलं आणि २०१२ मध्ये लोकांसाठी पुन्हा खुलं झालं.

इतक्या लांब आयुष्यात डेकचा रंग एकच असेल, असं धरता येत नाही. म्हणून ब्रश हातात घेण्याआधी ठरवायचं असतं की आपण कुठल्या वर्षातलं, कुठल्या अवस्थेतलं जहाज दाखवतो आहोत. डम्बार्टनच्या धक्क्यावर नुकतं तासलेलं सागवान हवं असेल तर सोनेरी तपकिरी रंग चालेल. ग्रिनिचला जाऊन काढलेले आजचे फोटो मात्र लोकरीच्या व्यापारातल्या जहाजासाठी आधार म्हणून उपयोगाचे नाहीत. तिथे डेकवर खारं पाणी येत नाही, रोज सकाळी कुणी तो घासत नाही, आणि एवढ्या दुरुस्त्यांनंतरचं लाकूड जुन्या डेकबद्दल साक्ष देऊ शकत नाही.

मित्राच्या मनात जहाजाचा सगळ्यात भरधाव काळ होता, म्हणजे कॅप्टन रिचर्ड वुडगेटचा, १८८५ ते १८९५. आमच्या कामासाठी ही निवड फार सोयीची ठरली. वुडगेटला फोटोग्राफीचा नाद होता आणि त्याने स्वतः काढलेले जहाजाचे फोटो टिकून आहेत. (त्याला कोली जातीचे कुत्रे पाळायचाही षोक होता. मॉडेलवर एखादा कुत्रा ठेवायचा मोह मला झाला, पण तो निर्णय मालकाचा.) फोटो काळे-पांढरे असल्याने रंग सांगत नाहीत, पण कशाशेजारी काय उजळ आणि काय गडद, एवढं नक्की सांगतात.

सागवानाचा रंग नेमका कसा बदलतो ते इथे सविस्तर सांगायला हवं, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावर ठरला. ताज्या सागवानात तेल भरपूर असतं, म्हणून ते पिवळसर तपकिरी आणि किंचित तुकतुकीत दिसतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरच्या थरातलं लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू बांधून ठेवणारा घटक, तुटतं, पाणी ते धुऊन नेतं आणि मागे राहतो रुपेरी करडा थर. जुन्या वाड्याचा सागवानी दरवाजा आठवा: वळचणीखालचा वरचा भाग अजून तांबूस तपकिरी असतो आणि पावसाचे शिंतोडे झेललेला खालचा हातभर भाग राखाडी पडलेला असतो. तोच हा प्रकार.

मात्र जहाजाचा डेक नुसता ऊन-पावसात पडून राहत नाही. तो घासला जातो. होलीस्टोन म्हणजे मऊ वालुकाश्माचे ठोकळे. ते घेऊन, वाळू आणि समुद्राचं पाणी टाकून, खलाशी गुडघ्यांवर बसून डेक घासत. करडा थर जमतो न जमतो तोच निघून जाई आणि खालचं लाकूड पुन्हा उघडं पडे, पण त्या लाकडातलं तेल एव्हाना वरून गेलेलं असे आणि मिठाने रंगही उडालेला असे. या सगळ्यातून जो रंग उरतो तो सोनेरी नसतो आणि सोडून दिलेल्या होडीसारखा रुपेरीही नसतो. वाळलेल्या पेंढ्यात थोडी राख मिसळावी तसा, हाडाकडे झुकणारा फिकट रंग. असा डेक तपकिरी दिसतो तो फक्त ओला असताना.

मित्राच्या वडिलांचा, म्हणजे काकांचा, ‘ओला आहे का’ हा प्रश्न इथून आला होता. त्यांची नोकरी पोलादी जहाजांवर झाली, पण जुन्या बोटींवर बोट डेकला आणि ब्रिजच्या दोन्ही बाजूंना सागवान असायचं आणि ते घासून घेणं हे सारंगाचंच काम. मी त्यांना भेटून विचारलं, “काका, सुकल्यावर रंग कसा दिसायचा?” ते म्हणाले, “पांढरा नाही, पण उन्हात डोळ्यावर यायचा. दुपारी खाली बघवत नसे.” माझ्या दृष्टीने हा रंगाच्या कुठल्याही तक्त्यापेक्षा भरवशाचा पुरावा होता. वुडगेटच्या फोटोंशीही तो जुळत होता.

१/९६ चं गणित

आता शिरांचं. मॉडेल आपण साधारण ३० सेंटिमीटरवरून बघतो. ९६ पटीने ते अंतर जवळपास २९ मीटर होतं. २९ मीटरवरच्या डेकवर लाकडाच्या शिरा कुणालाही दिसणार नाहीत. त्या दाखवल्या की मेंदूला माप चुकल्याचं लगेच कळतं आणि जहाज खेळणं होऊन बसतं.

फळ्यांचं काय? त्या काळातल्या डेकच्या फळ्या साधारण ५ ते ६ इंच रुंद असत. सहा इंच म्हणजे या मापात १.६ मिलिमीटर. फळी निदान स्वतंत्र ओळखू येईल एवढी ही रुंदी आहे. फटीचं उत्तर वेगळं येतं. फळ्यांमधल्या फटीत जुन्या दोरांचे उसवलेले धागे ठोकून भरत आणि वरून डांबर ओतत. ती फट पाव इंच धरली तर मॉडेलवर ०.०६६ मिलिमीटर, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीएवढी. निरोगी डोळ्याला ३० सेंटिमीटरवरून साधारण ०.०९ मिलिमीटरचा तपशील सुटा दिसतो. म्हणजे खरी फट या मापात रेष म्हणून जेमतेम जाणवेल, दोन फळ्यांमध्ये हलकीशी सावली असल्यासारखी. साच्यातून आलेली खाच याच्या कितीतरी पट रुंद असते. तिच्यात काळा रंग भरला की पाव इंचाची फट दीड-दोन इंचांची होते. असा डेक समुद्रावर पहिल्याच लाटेला गळेल.

फळ्या ज्यांनी पक्क्या केलेल्या असतात त्या बोल्टांची डोकी लाकडी खुंट्या बसवून झाकलेली असतात, त्यांच्या गोल खुणा काढायच्या का, हे मित्राने आवर्जून विचारलं. काही सुंदर मॉडेलांवर त्या असतात. एक इंचाची खुंटी इथे पाव मिलिमीटरची होते आणि तीही त्याच सागवानाची, त्याच रंगाची. मी त्या काढल्या नाहीत.

मग लाकूड दिसणार कशातून? माझं म्हणणं असं की या मापात लाकूडपण एकाच गोष्टीतून दिसतं: शेजारशेजारच्या फळ्यांमधला अगदी थोडा फरक. प्रत्येक फळी वेगळ्या ओंडक्यातून, वेगळ्या बाजूने कापलेली असते आणि ऊन, पाणी, घासणं यांना ती थोडी वेगळी उत्तरं देते. २९ मीटरवरून शिरा विरून जातात, हा फरक मात्र टिकतो.

लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवण्याचा पर्यायही पुढे आला होता. लेझरने कापलेले असे तयार डेक मिळतात आणि युद्धनौकांवर लोक ते हौसेने लावतात. खरं लाकूड असूनही मी त्याच्या विरोधात होतो. झाडाच्या शिरा ९६ पटीने लहान होत नाहीत. शिवाय या जहाजावर डेकमधून बाहेर येणाऱ्या इतक्या गोष्टी आहेत की पापुद्र्याला भोकं पाडतापाडता त्याच्या कडा उचलल्या गेल्या असत्या.

जुना रंग काढणं आणि प्लास्टिकची तयारी

काळा वॉश एनॅमलचा होता, तो व्हाइट स्पिरिटने कापसाच्या काडीने निघाला. तपकिरी अ‍ॅक्रिलिकसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरलं. तुकडे थोडा वेळ बुडवून ठेवायचे आणि जुन्या मऊ टूथब्रशने फळ्यांच्या दिशेने घासायचं. लॅकर थिनर किंवा अ‍ॅसिटोन याला लावायचं नाही. किटचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, विरघळतं आणि खाचांच्या कडा गोल होतात, मग त्या परत आणता येत नाहीत.

रंग गेल्यावर साच्यातल्या लाकडाच्या शिरा उघड्या पडल्या. त्या ४०० नंबरच्या आणि मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात भिजवून घासून काढल्या. हे करताना हात हलका ठेवावा लागतो. शिरा गेल्या पाहिजेत आणि फळ्यांच्या खाचा उथळ होऊन का होईना, राहिल्या पाहिजेत. खाच उथळ होते हे इथे फायद्याचंच. एक उपयोगी युक्ती: पेपर एका चपट्या पट्टीवर चिकटवून घासला की डेकचा हलका बाक बिघडत नाही. बोटाने घासलं तर खळगे पडतात आणि ते रंगानंतरच दिसतात.

डेक सलग एका तुकड्यात नाही. दोन तुकड्यांचा सांधा सरळ आडवा जातो आणि सगळ्या फळ्या एकाच ओळीत कापल्यासारख्या दिसतात. खऱ्या डेकवर असं कधीच होत नाही. चांगल्या बांधणीत शेजारच्या दोन फळ्यांचे जोड एकाच तुळईवर येऊ देत नाहीत. मधे निदान तीन फळ्या सलग गेल्यावरच पुन्हा त्याच तुळईवर जोड चालतो. म्हणून सांधा पुटीने भरून, घासून, त्यावरून खाचा पुन्हा ओढल्या. त्यासाठी पोलादी पट्टी आणि सुईसारखं टोक असलेलं खाच पाडायचं हत्यार पुरतं. पट्टी हलू नये म्हणून खाली दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली.

मग फळ्यांचे जोड. साच्यातल्या फळ्या नाळेपासून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापासून, मागेपर्यंत सलग जाणाऱ्या होत्या. एवढी लांब फळी कुठल्याही झाडातून निघत नाही. २४ फुटांची फळी धरली, म्हणजे ७६ मिलिमीटर, आणि तुळयांचं अंतर ४ फूट धरलं, म्हणजे १२.७ मिलिमीटर. एका कागदावर तीन फळ्यांच्या अंतराचा नमुना आखला, तो डेकवर पेन्सिलने उतरवला आणि नव्या ब्लेडच्या टोकाने प्रत्येक जोड एकदाच, हलक्या दाबाने कापला. हे काम कंटाळवाणं वाटलं तरी माझ्या मते संपूर्ण डेकमधलं सगळ्यात महत्त्वाचं आहे. पुढे रंगाचा फरक कुठे सुरू होणार आणि कुठे थांबणार, हे या जोडांवर ठरतं. जोड नसतील तर रंगवलेल्या फळ्या लांबलचक पट्टे होतात.

रंग

प्रायमर फिकट उबदार करड्या रंगाचा घेतला. पांढऱ्यावर सगळं पिवळं पडतं आणि गडद करड्यावर डेक मळका दिसतो.

पायाचा रंग एअरब्रशने: तामिया कंपनीचा एक्सएफ-५५ डेक टॅन आणि त्यात थोडा एक्सएफ-७८ वुडन डेक टॅन. नुसता एक्सएफ-५५ माझ्या डोळ्याला जरा थंड, करड्याकडे झुकलेला वाटतो, आणि एक्सएफ-७८ एकटाच वापरला तर पिवळा जास्त होतो. शेवटी मिश्रणात एक्सएफ-२ पांढऱ्याचे काही थेंब घातले. लांबून बघितलेला रंग हवेमुळे उजळ आणि फिका दिसतो, त्याची भरपाई एवढ्याने होते. थर अगदी पातळ, दोन-तीन फेऱ्यांत.

फळ्या मात्र तामियाने ब्रश करायच्या नाहीत. त्या रंगात अल्कोहोल असल्यामुळे ब्रश दुसऱ्यांदा फिरला की खालचा थर उचलला जातो. त्यासाठी वायेहो कंपनीचे पाण्याचे रंग घेतले. मूळ रंग ७०.९८६ डेक टॅन, आणि त्यातून चार छटा: एकीत पांढरा, एकीत बफ (फिकट पिवळसर), एकीत चंदेरी करडा आणि एकीत मातकट तपकिरीचा अगदी कण. चारही छटा पॅलेटवर शेजारी ठेवल्यावर फरक ‘आहे की नाही’ असा वाटला पाहिजे. पॅलेटवर फरक उठून दिसला तर डेकवर तो बुद्धिबळाचा पट होणार.

निम्म्याहून जास्त फळ्यांना हात लावला नाही, पायाचाच रंग ठेवला. उरलेल्यांत बफ आणि करडी छटा जास्त, पांढरी कमी, आणि तपकिरी तर अगदी क्वचित, संपूर्ण मुख्य डेकवर इकडेतिकडे एखादीच फळी. रंग दुधासारखा पातळ, बारीक टोकाचा ब्रश, आणि एका जोडापासून दुसऱ्या जोडापर्यंत एकच ओढ. फळीच्या आत रंग किंचित कमीजास्त झाला तर तसाच राहू दिला. शेजारच्या दोन फळ्या एकाच छटेच्या आल्या तरी हरकत नाही. हट्टाने एकाआड एक केलं की नमुना तयार होतो आणि डोळा तो ताबडतोब पकडतो.

या टप्प्यावर डेक भडक दिसतो. मित्राने फोटो पाहून काळजीने फोन केला, “अरे, हे जरा जास्त ठिगळ-ठिगळ नाही वाटत?” वाटतंच. पुढचा थर त्याच्यासाठीच असतो.

आधी सगळ्या डेकवर सॅटिन वार्निशचा पातळ थर देऊन तो पुरता वाळू दिला, म्हणजे वरचे ऑइल रंग खालच्या रंगात मुरणार नाहीत. मग कॅमलिनच्या ट्यूबमधले ऑइल रंग, रॉ अंबर (मातकट तपकिरी) आणि थोडा पांढरा, एका कार्डबोर्डवर काढून ठेवले. कार्डबोर्ड जादा तेल शोषून घेतो आणि रंग लवकर व मॅट वाळतो. वास नसलेल्या व्हाइट स्पिरिटमध्ये तो इतका पातळ केला की पांढऱ्या बशीवर जेमतेम डाग दिसावा, आणि संपूर्ण डेकवर फिरवला. या एका थराने सगळ्या फळ्या एका कुटुंबात आल्या. फरक राहिला, ठिगळं गेली.

फटींसाठी वेगळं मिश्रण: बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि पेन्स ग्रे (निळसर गडद करडा). काळा नाही. बारीक ब्रशचं टोक खाचेला टेकवायचं, रंग आपोआप खाचेतून धावतो. थोडं सुकलं की जवळजवळ कोरड्या कापसाच्या काडीने फळीच्या दिशेने पुसायचं. आडवं पुसलं तर रंग खाचेतून ओढून बाहेर येतो आणि फळ्यांवर मळकट झाक राहते. इथे मी मुद्दाम सगळ्या फटी सारख्या गडद ठेवल्या नाहीत. काही जवळजवळ दिसेनाशा केल्या. उन्हाळी डेकवर लाकूड आक्रसतं, ओल्यावर फुगतं, डांबर काही जागी वर येतं, काही जागी खाली बसतं. एकसारखी फट फक्त छापील कागदावर असते.

इथे एक खबरदारी घ्यावी लागते. स्पिरिट जास्त झालं आणि ते प्लास्टिकच्या ताणलेल्या सांध्यात साचून राहिलं तर प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकू शकतं. म्हणून वॉश देताना डेक आडवा ठेवून साचलेलं लगेच टिपत गेलो, आणि डेक जहाजात दाबून बसवण्याआधीच हे सगळं उरकलं.

प्रत्येक टप्प्यानंतर मोबाइलवर फोटो काढून तो काळा-पांढरा करून बघितला. वुडगेटच्या फोटोंशी तुलना करायला हा सगळ्यात प्रामाणिक मार्ग. रंग काढून टाकला की उजेड-अंधाराचं प्रमाण उरतं. त्यात तपकिरी छटेची एक फळी खड्ड्यासारखी दिसली, ती पुन्हा फिकी केली. ट्यूबलाइटखाली आणि खिडकीतल्या उजेडातही बघितलं. पिवळ्या बल्बखाली हा रंग सोनेरी दिसतो आणि फसवतो.

डेकवर माणसं राबतात

इथपर्यंतचा डेक लाकडाचा होता, जहाजाचा नव्हता. जहाजाचा डेक कुठे किती वापरला जातो त्याप्रमाणे बदलतो आणि यासाठी काकांशी झालेलं बोलणं फार उपयोगी पडलं.

मुख्य हॅचभोवती, म्हणजे माल आत उतरवायच्या चौकोनी तोंडाभोवती, माल चढतो-उतरतो. लोकरीचे दाबून बांधलेले गठ्ठे, त्यांचे पट्टे, खलाशांचे पाय. तिथल्या फळ्या सगळ्यात जास्त झिजलेल्या आणि फिकट. मुख्य डोलकाठीजवळ पंप आहेत, तिथे पाणी सारखं सांडतं, म्हणून तिथे रॉ अंबरची ओलसर झाक दिली, कडा विरलेल्या. पुढच्या डेकहाऊसमध्ये, म्हणजे डेकवर बांधलेल्या खोलीत, मुदपाकखाना आहे. त्याच्या दाराशी तेल आणि कोळशाच्या भुकटीचा हलका करडा डाग. जहाजावरच्या स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात. काका म्हणाले, “भंडारी कितीही स्वच्छ असला तरी त्याच्या दारासमोरचा डेक कधी पांढरा राहत नाही.” डेकहाऊसच्या भिंतीच्या बुडाशी होलीस्टोन नीट पोचत नाही. तिथे दोन फळ्यांपर्यंत रुपेरी करडी छटा ठेवली, कारण तिथला वरचा थर घासून जात नाही. मला स्वतःला संपूर्ण डेकमधली ही जागा सगळ्यात आवडते. वाढलेला करडा आणि घासलेला फिकट, दोन्ही एकमेकांशेजारी दिसतात आणि बघणाऱ्याला कारण माहीत नसलं तरी खरेपणा जाणवतो.

बाजूच्या कठड्याला जिथे दोर गुंडाळून अडकवलेले असतात, त्याखाली ओल टिकते. तिथे किंचित गडद. पाणी बाहेर जाण्याच्या झडपांशी लोखंड आहे, तिथे गंजाचा ओघळ द्यायचा मोह होतो. दिला, पण इतका पुसट की शोधावा लागेल. वुडगेटच्या काळातलं हे जहाज नेटकं राखलेलं होतं, भंगारात काढलेलं नव्हे. गंजाचे ठळक ओघळ ‘फेरेरा’च्या उतारवयाला शोभले असते.

मागचा उंच डेक अधिकाऱ्यांचा. तिथे माल नाही, कोळसा नाही, घासणं मात्र जास्त काटेकोर. म्हणून तिथे फळ्यांमधला फरक कमी ठेवला आणि एकूण रंग एक पायरी उजळ. सुकाणूच्या चाकामागे उभं राहायच्या जागेवर थोडी झीज, बस्स.

यावर आमचं एकमत झालं नाही, हेही नोंदवतो. मित्राचं म्हणणं, पुढून मागे जाताना डेकचा रंग बदललेला दिसला तर लोकांना ती रंगाऱ्याची विसंगती वाटेल. माझं म्हणणं, पायऱ्या चढून वर गेलं की डेक बदलतो हेच जहाजावरचं सामाजिक सत्य आहे. शेवटी फरक मी धरला होता त्याच्या निम्मा ठेवला. मला तो अजूनही थोडा आणखी हवा होता.

शेवटचा थर आणि पावसाळा

वार्निश मॅट हवंच. घासलेलं कोरडं लाकूड चमकत नाही, आणि चमक राहिली की ‘ओला आहे का’ हा प्रश्न पुन्हा उभा राहणार. अडचण ऋतूची होती. काम पावसाळ्यात आलं होतं. मुंबई-ठाण्याकडे जुलैमध्ये हवा इतकी दमट असते की स्प्रे कॅनचं मॅट वार्निश मारलं की पृष्ठभाग पांढुरका पडू शकतो. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि थरात अडकते. फिकट डेकवर ते पटकन लक्षात येत नाही, फटींवर मात्र धुकं पसरल्यासारखं दिसतं. म्हणून एअरब्रशने पाण्याचं अ‍ॅक्रिलिक मॅट वार्निश वापरलं, खोलीत एसीच्या ड्राय मोडवर हवा कोरडी करून, आणि एका दाट थराऐवजी अनेक कोरडे पातळ थर. एसी नसेल तर पाऊस उघडेपर्यंत डेक डब्यात झाकून ठेवणं बरं. घाई करण्यासारखं त्यात काही नसतं.

डेक जागेवर बसल्यावर शेजारच्या वस्तूंचे रंग बदलावे लागले. मित्राने डेकहाऊस शुद्ध पांढऱ्या रंगाचे केले होते. तपकिरी डेकवर ते ठीक दिसत, फिकट डेकवर डोळ्यात खुपायला लागले आणि डेक मळका वाटायला लागला. पांढऱ्यात बफचा कण घालून ते पुन्हा रंगवले. डेकहाऊसची आणि कठड्यांची सागवानी लाकूडकामं मात्र मुद्दाम तांबूस तपकिरी ठेवली, कारण ती वार्निश लावून राखलेली असत, त्यांचा तेलकट सोनेरी रंग ऊन खाऊ शकत नसे. एकाच झाडाचं लाकूड, एक घासलेलं आणि एक वार्निश केलेलं, हा फरक शेजारी दिसला की डेकचा फिकटपणा आपोआप समजतो. मॉडेल पाहणाऱ्या बहुतेकांना आधी प्रश्न पडतो की डेक इतका पांढरा का, आणि नजर कठड्यावर गेली की तो प्रश्न विरतो.

सागवानाच्या या टिकाऊपणाची आपल्याकडची मोठी साक्ष इंग्लंडमध्येच आहे. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारच्या सागवानातून बांधलेली ‘एचएमएस त्रिंकोमाली’ ही फ्रिगेट (शिडाची युद्धनौका) ऑक्टोबर १८१७ मध्ये पाण्यात उतरली आणि आज हार्टलपूलला तरंगत उभी आहे. तिचं चांगलं प्लास्टिक किट कुणी काढलं तर तिच्या डेकवर हेच सगळं पुन्हा करायला मला मनापासून आवडेल.

काकांनी पूर्ण झालेला डेक बघितला तेव्हा त्यांनी रंगाबद्दल काही विचारलं नाही. ते थेट दोरांवर आले: गुंडाळलेले दोर कुठे पडणार, कुठल्या खुंटीखाली किती वेढे. आता काम तिथे पोचलं आहे. डोलकाठ्यांना आधार देणारे स्थिर दोर डांबर लावलेले, म्हणजे जवळजवळ काळे. शिडं ओढायचे हलते दोर अंबाडीच्या रंगाचे. किटमधला पिवळट धागा तपकिरी डेकवर उठून दिसला असता, या फिकट डेकवर मात्र गुंडाळ्या हरवून जातात. म्हणून हलत्या दोरांसाठी डेकपेक्षा दोन छटा गडद धागा घेतला, आणि प्रत्येक गुंडाळीखाली रॉ अंबरची एक पातळ सावली, म्हणजे दोर फळ्यांवर टेकलेला दिसतो.